खिडकीच्या आतून: दहावीच्या पोराला वाट निवडायला मदत करताना

सांगलीतल्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. २२ पावसाळे ॲडमिशनच्या खिडकीमागे गेले. बाहेरचं दृश्य दरवर्षी तेच. वडील पुढे, पोरगा मागे. प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स. मी विचारते, "शाखा कुठली?" वडील सांगतात, "सायन्स." मी मुद्दाम पोराकडे बघून पुन्हा विचारते. पोरगा वडिलांकडे बघतो. वडील म्हणतात, "सायन्सच मॅडम, ९१ टक्के आहेत." पिशवी मोठी मिळाली म्हणून बाजार जास्त करावा, तसा हा प्रकार.

आता हसते, पण माझ्या थोरल्याचं मी हेच केलं. २०१५ ला त्याला दहावीला ८६ टक्के पडले. फॉर्म मीच भरला, खिडकीच्या आत बसून. वर क्लास आणि कॉलेज एकत्र असलेलं 'इंटिग्रेटेड' पॅकेज घेतलं, लाखाच्या वर पैसे भरले. त्याला विचारलं नव्हतं असं नाही. "सायन्सच घ्यायचं ना?" असं विचारलं होतं. २०१७ ला बारावीत ४८ टक्के, फिजिक्स काठावर, सीईटीचा स्कोअर कोणाला सांगण्यासारखा नाही. पुढचं वर्ष तो खोलीत पंखा लावून पडून होता. त्याच्या बाबांचं कुपवाड एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. निदान घराबाहेर तरी पडेल म्हणून ते त्याला सोबत न्यायला लागले. खरं तर हा पोरगा आठवीपासून सुट्टीत तिथे जाऊन कॉइल गुंडाळायचा. मोटर जळालीय की नुसती बेअरिंग गेलीय हे वासावरून आणि आवाजावरून सांगायचा. आम्ही दोघं रोज ते बघत होतो आणि 'अभ्यास सोडून दुकानात रमतो' म्हणून ओरडत होतो. शेवटी २०१८ ला बारावी सायन्सच्या जोरावर इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला त्याला प्रवेश मिळाला. आता चाकणला मशीन मेंटेनन्समध्ये आहे, मजेत आहे. पण दहावीनंतरच पॉलिटेक्निकला घातला असता तर तीन वर्षांत, म्हणजे २०१८ लाच तो डिप्लोमा होऊन बाहेर पडला असता. दोन वर्षं, लाखभर रुपये आणि पोराचा आत्मविश्वास मी घालवला.

पुढे जे सांगते ते धाकटीच्या वेळी केलेलं आहे, आणि काही खिडकीवर बसून शिकलेलं.

सुरुवात नववीच्या सुट्टीत करा. दहावीच्या निकालानंतर हातात दोन-तीन आठवडे असतात, त्यात पेढे वाटायचे असतात. आणि पहिली गोष्ट, "तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न बंद करा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दहा-बारा व्यवसायांची नावं माहीत असतात, त्यातली निम्मी टीव्हीवरून. धाकटी फॉरेन्सिक म्हणायची. का, तर मालिकेतली बाई पांढरा कोट घालून खुनी पकडते.

प्रश्नाऐवजी मी नोंदी ठेवल्या. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, त्याच्या चौकोनात. न सांगता तिने काय केलं, कशात जेवायची हाक ऐकू आली नाही, कशासाठी तीनदा ओरडावं लागलं. तिला सांगितलं नाही, नाहीतर मुलं आपल्याला आवडेल असं वागायला लागतात. डिसेंबरच्या पानावरची एक नोंद अजून आठवते. थंडीत इडलीचं पीठ फुगत नव्हतं. तिने पीठ दोन पातेल्यांत केलं, एक ओट्यावर, एक गहू ठेवायच्या डब्याशेजारी चादरीत गुंडाळून. दोन्हींवर पट्टीने खुणा केल्या आणि दर दोन तासांनी जाऊन बघत बसली. रात्री साडेअकराला उठून बघितलं. त्या आठवड्यात गणिताच्या स्वाध्यायासाठी मात्र मला पाच वेळा ओरडावं लागलं होतं. सहा महिन्यांत अशा तीसेक नोंदी झाल्या. त्यातून करिअर कळत नाही. पण हे मूल माणसांत रमतं की वस्तूंत, शब्दांत की आकड्यांत, बसून की फिरून, एवढं कळतं.

कल चाचण्या मिळतात, त्या करून घ्यायला हरकत नाही. फक्त अहवालाला पत्रिका समजू नका. मुलाशी बोलायला एक निमित्त, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी एक साधी परीक्षा आहे, फुकट आहे, आणि मी आता खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. अकरावीचं फिजिक्स, अकरावीचं बुक-कीपिंग आणि अकरावीचं एक आर्ट्सचं पुस्तक, समजा अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र, उतरवून घ्या. दहावीची परीक्षा संपली की प्रत्येकातला एकच धडा मुलाला तीन संध्याकाळी वाचायला सांगा, गणितं सोडवायला सांगा. पहिल्या संध्याकाळी सगळी मुलं वाचतात. तिसऱ्या संध्याकाळी कुठलं पुस्तक आपणहून उघडलं जातं ते बघा. दहावीचं विज्ञान आणि अकरावीचं फिजिक्स यांत केवढी दरी आहे, ते दहावीच्या ९५ मार्कांवरून कळत नाही. आमच्याकडे अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर दर वर्षी 'शाखा बदलून मिळेल का' असा अर्ज घेऊन पोरं येतात. ती ढ नसतात. त्यांनी ते पुस्तक आधी उघडून बघितलेलं नसतं, इतकंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. कोर्सचं नाव बाजूला ठेवा, कामाचा दिवस दाखवा.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. ओळखीतून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये धाकटीला मे महिन्यात चार सकाळी बसू द्याल का, म्हणून विचारलं. सातला जायची, अकराला यायची. पहिल्या दिवशी उत्साह. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तिथल्या ताई सकाळभर नळ्यांवर लेबल लावतात." तिसऱ्या दिवशी, "लेबल चुकलं तर दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट जातो, म्हणून त्या कोणाशी बोलत नाहीत." चौथ्या दिवशी गेली आणि परत येऊन फॉरेन्सिकचं नावच काढलं नाही. लॅबचं काम वाईट आहे असं मुळीच नाही. आमच्या कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी त्याच कामात आहे आणि खूश आहे. पण हिला चार तास गप्प बसवेना, आणि हे चार सकाळींत, एक रुपया न घालवता कळलं.

मग तिच्या बाबांचं एक गिऱ्हाईक, तासगाव रोडला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. तिथल्या मोटरी आमच्याकडे येतात. एका दुपारी बाबांबरोबर ती गेली. आत गारठा, बाहेर मेचं ऊन, आणि शेडमध्ये बायका रंगावरून बेदाणा निवडत बसलेल्या: हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा. एक पोरगा छोट्या यंत्रात मूठभर बेदाणा टाकून ओलावा मोजत होता. ओलावा जास्त राहिला तर माल टिकत नाही, फार कमी झाला तर वजन जातं आणि बेदाणा कडक होतो. ही त्याला प्रश्न विचारत सुटली. द्राक्षं वाळवायच्या आधी कसल्या पाण्यात बुडवतात? पोटॅशियम कार्बोनेट का? सालीवरचा मेणाचा थर त्याने कसा निघतो? बाबांची मोटर बसवून झाली तरी ही बाहेर येईना. घरी आली तर हात चिकट, ओढणीला बेदाणा लागलेला, आणि जेवताना माझ्या लिंबाच्या लोणच्यात मीठ किती टक्के आहे ते मला विचारते. मी म्हटलं, अंदाजाने. ती म्हणाली, "अंदाजाने कसं?" मी उठून कालनिर्णयचं डिसेंबरचं पान काढून बघितलं.

तुमच्याकडे बेदाण्याचं गोदाम नसेल, दुसरं काही असेल. सीएचं ऑफिस, सायबर कॅफे, गॅरेज, वकिलाचा कट्टा, नर्सरी, छापखाना, तालुक्याचा भूमापन विभाग. एका जागी निदान दोन-तीन दिवस. आणि बोलायला माणूस निवडताना एक पथ्य पाळा. २५ वर्षं त्या धंद्यात असलेल्या यशस्वी माणसाकडे नेऊ नका. त्यांना आले ते दिवस आता नाहीत, आणि ते भाषण करतात. नोकरीला लागून तीन ते पाच वर्षं झालेला माणूस गाठा. त्याला विचारा: सकाळी आल्या आल्या काय करता? कंटाळा कशाचा येतो? पहिला पगार किती होता? तुमच्या वर्गातले बाकीचे कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि कॉलेजच्या जाहिरातीत ज्याचं उत्तर कधीच नसतं तो हाच. प्रश्न मुलाने विचारायचे. तुम्ही चहा प्यायचा.

आता दारं. कुठल्या निवडीने कुठलं दार बंद होतं, एवढं आई-बापाला पाठ हवं. बाकी माहिती मुलं मोबाईलवर काढतात.

अकरावी-बारावीला गणित सोडलं की इंजिनियरिंगचं दार बंद. बायोलॉजी सोडलं की नीट आणि डॉक्टरकी जवळपास बंद. एनडीएमध्ये लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. बायफोकल म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० मार्कांचा विषय. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि बहुतेक मुलांचं बायोलॉजीही जातं. 'स्कोअरिंग आहे' म्हणून घेणाऱ्यांनी आधी दारं मोजावीत. सायन्सवरून नंतर कॉमर्सला, आर्ट्सला, लॉला, कुठेही जाता येतं. उलटं येता येत नाही. म्हणून खरंच काही ठरत नसेल आणि अभ्यासाची ताकद असेल, तर पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी चारही घेऊन, इंजिनियरिंग आणि डॉक्टरकी अशी दोन्ही दारं उघडी ठेवणं बरं. धाकटीने तेच केलं. ओझं वाढतं, ते धरून चाला.

पण 'दारं उघडी' या एका कारणासाठी ज्याला विज्ञान नकोसं आहे त्याला दोन वर्षं त्यात डांबू नका. सीए फाउंडेशन बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेवरून. यूपीएससी-एमपीएससीला कुठलीही पदवी. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर आणि मग ॲप्रेंटिसशिप, यात कमीपणा काही नाही. रिवाइंडिंगवाल्याची बायको सांगतेय, चांगला हात असलेला माणूस मिळता मिळत नाही. डिप्लोमा झाल्यावर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, म्हणजे ते दारही बंद नाही. आणि आर्ट्स म्हणजे कुठेच न बसलेल्यांची शाखा, हे कृपा करून घरात बोलू नका. मुलं ऐकतात आणि चांगलं मूल तिथे जायला लाजतं.

साध्या बीए, बीएस्सी, बीकॉमला आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय) आले आहेत. तीन वर्षांवर पदवी, चार वर्षांवर ऑनर्स. मैत्रिणीने घेतला म्हणून मेजर घेणाऱ्या मुली मी रोज बघते. मेजर नंतर बदलता येतो का आणि कधीपर्यंत, हे ज्या त्या कॉलेजच्या ऑफिसात फी भरायच्या आधी विचारा. आम्ही चिडलेले दिसतो, पण सांगतो.

पैशाचं बोलणं मुलासमोर करा. आमच्याकडे ते दार लावून व्हायचं, त्यामुळे थोरल्याला वाटायचं आपले आई-बाबा काहीही करू शकतात. धाकटीला मी वहीत मांडून दाखवलं: फी, हॉस्टेल, मेस, प्रवास, किती वर्षं. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग पीजीची तीन. बीएएमएसही साडेपाच. बी.फार्म चार, डी.फार्म दोन. त्यानंतर कमाई सुरू. हे आकडे समोर आले की पंधरा वर्षांचं पोर सुद्धा शहाण्यासारखं बोलतं. नीटची किंवा जेईईची 'ड्रॉप' घ्यायची असेल, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची असेल, तर किती वेळा, हे निकालाच्या आधी ठरवा. निकालाच्या दिवशी घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. नीटला ७२० पैकी मार्क, चुकीच्या उत्तराला एक वजा. एमएचटी-सीईटीला वजा गुण नाहीत, पण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क. एकीची तयारी म्हणजे आपोआप दुसरीची तयारी, असं क्लासवाले सांगतात. पूर्ण खरं नाही ते.

२०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. धाकटीचं पहिलं वर्ष नेमकं तेच. आमचं उत्पन्न माझ्या पगारामुळे थोडक्यात बाहेर गेलं, आम्ही पूर्ण फी भरली. पण ज्या घरांना ही माफी मिळते तिथे मुलीला 'एवढी फी कुठून आणू' म्हणून जवळच्या बीएला घालायचं कारण उरत नाही. एकच ध्यानात ठेवा, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली.

कागद. याच्यावर मी रात्रभर बोलू शकते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणारे आई-बाप बघून माझ्याच पोटात गोळा येतो. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, मुदत संपलेलं घेऊन येऊ नका. आईच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रकावर आणि आधारवर एकच आहे का, हे आज, आत्ता, उठून बघा.

नातेवाइकांचं काय करायचं? आमच्या घरी एक नियम केला. ज्याला शिकायचंय तो आणि ज्याला फी भरायचीय तो, एवढेच बोलतील. धाकटीच्या मामाला, जो पुण्यात आयटीत आहे, हे फार लागलं. दिवाळीपर्यंत त्याचा फोन नव्हता. भाऊबीजेला आला.

शेवटी पसंतीक्रम. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. एका वडिलांनी 'सेफ्टी' म्हणून घरापासून ४० किलोमीटरवरचं कॉलेज पहिलं टाकलं, ते लागलं, आणि मग माझ्यासमोर येऊन रडले. सेफ्टीचं नाव खाली टाकतात, वर नाही. यादी करायची पद्धत अशी: आधी गेल्या वर्षीचे कट-ऑफ न बघता, मुलाने, फक्त आवडीने दहा नावं लिहायची. मग कट-ऑफ शेजारी मांडायचे. क्रम आवडीचाच ठेवायचा, कट-ऑफवरून फक्त खालची दोन-तीन नावं बदलायची. जिथे लागलं तरी जाणार नाही असं एकही नाव यादीत नको. बारावीनंतरच्या कॅपलाही हाच हिशेब, फक्त तिथे मिळालेली जागा फ्रीज (पक्की) करायची की बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीला थांबायचं, हे जास्त येतं. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाला मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही ऐका.

धाकटी आता फूड टेक्नॉलॉजीला आहे. पहिल्या वर्षी गणित विषय राहिला होता, तो नंतर काढला. अधूनमधून फोनवर कुरकुरते की हीट ट्रान्सफर डोक्यावरून जातंय. मी तिला म्हणत नाही की तूच निवडलंस. थोरला म्हणतो, हीट ट्रान्सफर मला विचार.

आणि एक राहिलंच. फॉर्म सायबर कॅफेत भरत असाल तर मोबाईल नंबर तुमचा टाका. कॅफेवाला घाईत स्वतःचा टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि राउंडच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला तो गावाला गेलेला असतो.